काचेवरचा पट्टा आणि टार्गेटवरून सुटलेले निगेटिव्ह आयन

नाशिकच्या अंबडला आमच्या युनिटमधे एक छोटं व्हॅक्यूम चेंबर आहे, लग्नाच्या पंगतीतल्या मोठ्या पातेल्याएवढं असेल, पुढे तळहाताएवढी काचेची खिडकी. आत प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला गॅस, पेटला की त्या खिडकीतून निळसर जांभळा उजेड बाहेर येतो आणि इतकी वर्षं झाली तरी माझी नजर आधी तिकडेच जाते. बाकीच्यांची मीटरवर जाते. मागच्या वर्षी त्या चेंबरनं मला दीड महिना झुलवलं, आणि त्या दीड महिन्यात जे शिकले ते कुठेतरी नीट लिहून ठेवायचं होतं, आज रविवार आहे, वेळ आहे, म्हणून बसले.

काम साधं होतं. सेन्सरसाठी लागणाऱ्या काचांवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर चढवायचा, त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम मिसळलेलं असतं म्हणजे थर पारदर्शकही राहतो आणि करंटही नेतो. पद्धत स्पटरिंगची. चेंबरमधली हवा काढायची, थोडा आर्गॉन सोडायचा, टार्गेटला, म्हणजे ज्याचा थर चढवायचा त्या मालाच्याच वडीला, चारेकशे व्होल्ट निगेटिव्ह द्यायचे, आर्गॉनचे पॉझिटिव्ह आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, त्या टार्गेटवर आदळतात, त्यातले अणू उडवतात आणि ते समोरच्या काचेवर जाऊन बसतात. टार्गेटच्या मागे चुंबकं असतात, त्यामुळे प्लाझ्मा एका लांबट गोल रिंगणात दाट होतो आणि तिथलं टार्गेट जास्त झिजून खाच पडते, त्या खाचेला सगळे रेसट्रॅक म्हणतात.

थर दिसायला मस्त येत होता. पण फोर पॉइंट प्रोब लावून रेझिस्टन्स मोजला की काचेवर दोन पट्टे असे निघायचे की तिथे रेझिस्टन्स बाजूपेक्षा तिप्पट, कधी त्याहूनही जास्त. आणि पट्टे बरोब्बर रेसट्रॅकच्या समोर! जिथे माल सगळ्यात जास्त पडतो, थर सगळ्यात जाड आहे, तिथेच तो सगळ्यात वाईट. मी आधी काच धुण्यावर संशय घेतला, मग आर्गॉनच्या सिलिंडरवर, मग काच तापत असेल म्हणून थर्मोकपल चिकटवून पाहिलं. काहीच नाही.

घरी आल्यावर पण डोक्यात तेच. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत, तीस-बत्तीस वर्षं छपाईत गेली, त्यांना मी जेवताना सांगत होते की बाबा, प्लाझ्मा एकदम स्टेबल आहे हो, प्रेशर बरोबर, पॉवर बरोबर, तरी पट्टा येतोच. ते म्हणाले, "अगं पण तू सारखी त्या उजेडाचंच सांगतेयस. ज्याच्यावरून माल निघतो ते बघितलंस का? आमच्याकडे छपाई बिघडली की आधी प्लेट बघायचे, मग शाई." त्यांना प्लाझ्मातलं काही कळत नाही, पण मशीनपुढे आयुष्य काढलेल्या माणसाचं बोलणं मी कधी वाऱ्यावर सोडत नाही. दुसऱ्या दिवशी मी प्लाझ्माचं वाचन बंद करून टार्गेटच्या पृष्ठभागाचं वाचन सुरू केलं.

आणि उत्तर सापडलं, जगाला ते कित्येक वर्षं माहीतच होतं, मलाच नव्हतं. झिंक ऑक्साइडमधे ऑक्सिजन आधीच जवळजवळ निगेटिव्ह होऊन बसलेला असतो, झिंककडून इलेक्ट्रॉन घेऊन. आर्गॉनचा आयन येऊन आदळला की त्यातला एखादा ऑक्सिजन बाहेर उडतो आणि उडताना एक जादा इलेक्ट्रॉन सोबत घेऊन निघू शकतो. ऑक्सिजनला तसाही इलेक्ट्रॉनचा लोभ आहे, जादा इलेक्ट्रॉन तो १.४६ इलेक्ट्रॉन व्होल्ट (एका इलेक्ट्रॉनला एक व्होल्ट ओलांडताना मिळते तेवढी एनर्जी म्हणजे एक इलेक्ट्रॉन व्होल्ट) इतक्या ताकदीनं धरून ठेवतो. झाला निगेटिव्ह आयन. आता तो जन्मला कुठे, तर चारशे व्होल्ट निगेटिव्ह असलेल्या टार्गेटवर. निगेटिव्हवर निगेटिव्ह. टार्गेट त्याला असा ढकलून देतं की तो चारशे इलेक्ट्रॉन व्होल्टची एनर्जी घेऊन सरळ समोर सुटतो, थेट काचेवर. साधे उडालेले अणू पाच-दहा इलेक्ट्रॉन व्होल्टनं हळूच येऊन बसत असतात आणि त्यांच्यात हा चारशेवाला येऊन घुसतो, जुळत आलेला स्फटिक मोडतो, नको तिथे ऑक्सिजन खुपसतो. वाटेत कुणाला धडकून त्याचा जादा इलेक्ट्रॉन गेला तरी फरक पडत नाही, तो न्यूट्रल होऊन त्याच वेगानं पुढे येतोच. आणि असे आयन सगळ्यात जास्त कुठून निघणार, जिथे टार्गेट सगळ्यात जास्त खाल्लं जातं तिथून, म्हणून पट्टा रेसट्रॅकच्या समोर.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच सांगते.

कारण एमएस्सीला प्लाझ्मा शिकताना आमच्या डोक्यात एकच चित्र बसवलेलं होतं. इलेक्ट्रॉन हलके, पळायला चपळ, ते आधी भिंतीवर जाऊन चिकटतात, भिंत प्लाझ्मापेक्षा निगेटिव्ह होते, मग भिंतीलगत एक पातळ थर तयार होतो ज्याला शीथ म्हणतात आणि तो पॉझिटिव्ह आयनांना भिंतीकडे खेचतो, बाकीच्या इलेक्ट्रॉनना मागे सारतो. भिंत म्हणजे शेवट. जे तिथे गेलं ते संपलं. निगेटिव्ह आयनांचा उल्लेख आलाच तर असा की ते प्लाझ्माच्या मधोमध तयार होतात आणि शीथमुळे आतच अडकून राहतात. पण तोच शीथ उलट्या बाजूनं बघा. आत जन्मलेल्या निगेटिव्ह आयनाला जो भिंतीपर्यंत पोचू देत नाही, तोच भिंतीवर जन्मलेल्या निगेटिव्ह आयनाला जोरात आत फेकतो. म्हणजे भिंत नुसती गिळत नाही, ती बाहेरही देते, आणि जे देते ते एकाच दिशेनं आणि ठरावीक एनर्जीनं.

मग मी हायड्रोजनपर्यंत गेले आणि तिथे खरा खजिना होता.

हायड्रोजन म्हणजे एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. तो इलेक्ट्रॉन काढायचा तर १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. पण त्याला वरून अजून एक इलेक्ट्रॉन दिला तर तोही तो धरतो, मात्र फक्त ०.७५ इलेक्ट्रॉन व्होल्टनं. इतकं नाजूक प्रकरण की जरा धक्का लागला की इलेक्ट्रॉन गेला. आणि तरी ह्या नाजूक आयनाशिवाय आपण ज्याला ऊन म्हणतो ते असं नसतं. सूर्याच्या पृष्ठभागाजवळ थोडेसेच हायड्रोजन असे जादा इलेक्ट्रॉन घेऊन असतात, पण दिसणारा प्रकाश शोषायचं आणि सोडायचं बरंचसं काम तेच करतात, हे रुपर्ट विल्ट यांनी १९३९ मधे मांडलं आणि पुढच्या दशकात आपल्या चंद्रशेखर यांनी त्याची गणितं खोलात जाऊन केली. तेव्हापासून थंडीत सकाळी गोदाकाठी कोवळं ऊन अंगावर घेताना मला हे आठवतं. तिथे सूर्यावर अर्थात भिंत नाही, तिथे हायड्रोजन मोकळा फिरणारा इलेक्ट्रॉन पकडतो. पृथ्वीवर आपल्याला हे आयन भरपूर आणि सतत पाहिजे असतील तर भिंतीकडेच जावं लागतं.

पाहिजेत कशाला, तर मुख्य म्हणजे फ्युजनसाठी, हलक्या अणूंचे गाभे जोडून ऊर्जा मिळवायला. फ्रान्समधे कादाराशला इटर नावाचं मोठं टोकामॅक, म्हणजे प्लाझ्मा चुंबकांनी कोंडून ठेवायचं यंत्र, उभं राहतंय, त्यात आपला देश भागीदार आहे. त्यातला प्लाझ्मा तापवायला बाहेरून जोरदार कण मारायचे असतात, पण सभोवती इतकं मोठं चुंबकीय क्षेत्र आहे की चार्ज असलेला कण आत शिरतच नाही, वळून जातो. म्हणून कण न्यूट्रल पाहिजे. आणि न्यूट्रल कणाला वेग देता येत नाही, कारण वेग द्यायला चार्ज लागतो. मग आधी आयन करायचा, वेग द्यायचा, शेवटी गॅसमधून नेऊन न्यूट्रल करायचा. जुन्या मशीनमधे पॉझिटिव्ह आयन वापरायचे आणि साधारण शंभर हजार व्होल्टच्या आसपास ते चालून जायचं. इटरला दहा लाख व्होल्ट पाहिजेत. इतक्या वेगात पॉझिटिव्ह आयन गॅसमधून जाताना इलेक्ट्रॉन उचलतच नाही, थांबायला वेळच नसतो त्याला. उलट निगेटिव्ह आयनाला काही उचलायचंच नाही, त्याला फक्त टाकायचंय, आणि जे टाकायचंय ते ०.७५ वर लटकलेलं. म्हणून तिथे साधारण ६० टक्के आयन न्यूट्रल होतात. जी नाजूकता अडचण वाटत होती तीच उपयोगी पडते.

जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत पण हेच. तिथला लिनॅक ४ नावाचा अ‍ॅक्सिलरेटर २०२० पासून प्रोटॉनच्या सगळ्या साखळीची सुरुवात करतो आणि तो निगेटिव्ह हायड्रोजनच पळवतो, १६० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत, मग कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून नेऊन दोन्ही इलेक्ट्रॉन उतरवतात.

आता मूळ प्रश्न. हायड्रोजनचा अणू धातूच्या भिंतीवर आला, त्याला तिथून इलेक्ट्रॉन मिळणार कसा? मॉलिब्डेनम किंवा टंगस्टनमधून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला साधारण ४.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, ह्याला वर्क फंक्शन म्हणतात. हायड्रोजनच्या खिशात आहेत ०.७५. साडेचारचा माल पाऊण रुपयाला कोण देईल. मला इथेच अडायला झालं होतं, हिशोब बसतच नव्हता.

मग कळलं की भिंतीजवळ हिशोब बदलतो. चार्ज धातूच्या जवळ आला की धातूतले इलेक्ट्रॉन सरकतात आणि जणू आरशात उलटा चार्ज दिसावा तसं घडतं, निगेटिव्हसमोर पॉझिटिव्ह. तो त्याला ओढून धरतो. म्हणजे भिंतीजवळ निगेटिव्ह आयन असणं जास्त सोयीचं, जास्त स्वस्त पडतं. किती स्वस्त, तर ३.६ भागिले अंतर, अंतर अँगस्ट्रॉममधे घ्यायचं आणि उत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टमधे येतं. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग, अणूचा आकार साधारण तेवढाच. मी डबा खाताना वहीच्या मागच्या पानावर हा हिशोब केला. साध्या मॉलिब्डेनमसाठी ०.७५ अधिक ३.६ भागिले अंतर बरोबर ४.५ व्हायला पाहिजे, अंतर येतं एक अँगस्ट्रॉमहूनही थोडं कमी. म्हणजे अणू भिंतीत घुसल्यासारखाच झाला, आणि इतक्या जवळ हे साधं सूत्र चालतही नाही. पण वर्क फंक्शन १.५ असलं तर? अंतर येतं ४.८ अँगस्ट्रॉम. केवढा फरक! आता अणू भिंतीपासून चांगला लांब असतानाही धातूतला इलेक्ट्रॉन त्याच्याकडे सहज जाऊ शकतो, मधला अडसर पोखरून, ज्याला टनेलिंग म्हणतात.

पण घेतला म्हणजे मिळाला असं नाही, हा हातउसना इलेक्ट्रॉन आहे. अणू भिंतीपासून दूर जायला लागला की आरशाची ओढ कमी होते, हिशोब परत उलटा होतो, आणि धातू आपला इलेक्ट्रॉन परत मागतो. रेंगाळत निघालेल्या अणूकडून तो परत जातोच. जो झटक्यात लांब निघाला त्याच्याकडेच राहतो. म्हणून निगेटिव्ह आयन किती टिकतील हे दोन गोष्टींवर ठरतं, वर्क फंक्शन किती खाली आहे आणि अणू भिंतीपासून सरळ लंब दिशेनं किती वेगानं सुटतोय. चाटून तिरका गेला तर उपयोग नाही.

आणि वर्क फंक्शन १.५ करायचं कसं, तर सीझियम. टंगस्टनवर सीझियमचा पातळ थर बसला की इलेक्ट्रॉन फार सहज सुटतात हे लँगम्यूर आणि किंगडन यांनी १९२३ मधेच दाखवलं होतं. सीझियमचा अणू धातूवर बसला की स्वतःचा बाहेरचा इलेक्ट्रॉन धातूकडे ढकलतो, आपण थोडा पॉझिटिव्ह होतो, आणि पृष्ठभागावर अशा जोड्यांचा थर तयार होतो जो आतल्या इलेक्ट्रॉनना बाहेर यायला मदत करतो. मला ह्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे थर पूर्ण करायचाच नाही. अणूंचा एक अख्खा थर धरला तर त्याच्या साधारण अर्ध्यावर, किंचित जास्त, वर्क फंक्शन सगळ्यात कमी असतं. अजून सीझियम टाकत गेलात तर ते परत वर चढतं आणि २.१ वर जाऊन बसतं, जे नुसत्या सीझियमचं स्वतःचं आहे. मीठ टाकण्यासारखंच आहे हे, हात आवरता आला पाहिजे.

हे आयन सोर्समधे, म्हणजे आयन तयार करायच्या यंत्रात, पहिल्यांदा केलं सोविएत रशियात, नोवोसिबिर्स्कला, १९७१ मधे. वादिम दुदनिकोव यांनी हायड्रोजनच्या डिस्चार्जमधे थोडंसं सीझियम सोडलं आणि निगेटिव्ह आयनांचा करंट एकदम कितीतरी पट वाढला. बेलचेंको, दिमोव आणि दुदनिकोव ह्या तिघांचं काम आहे ते. आज जगातले मोठे निगेटिव्ह हायड्रोजन सोर्स बहुतेक सगळे सीझियमवर चालतात. भिंतीशिवायची दुसरी पद्धत पण आहे, गॅसच्या थरथरणाऱ्या रेणूवर मंद इलेक्ट्रॉन बसतो आणि रेणू तुटून निगेटिव्ह आयन निघतो, पॅरिसजवळच्या एकोल पॉलिटेक्निकमधे मार्था बाकाल यांनी सत्तरच्या दशकात ह्यावर मोठं काम केलं. पण इटरसारखा करंट पाहिजे तर भिंतच लागते.

इटरच्या सोर्सची रचना वाचताना मी दोन दिवस त्यातच होते. १.९ मीटर उंच, ०.९ मीटर रुंद, आपल्या घरच्या दाराएवढा. समोर एक जाळी, तिला १२८० भोकं, प्रत्येक १४ मिलिमीटरचं. ह्या जाळीवर मॉलिब्डेनमचा मुलामा, त्यावर सीझियम, आणि ती साधारण १५० अंशाला तापलेली ठेवतात म्हणजे सीझियम फार साचत नाही आणि फार उडूनही जात नाही. भोकांचं एकूण क्षेत्रफळ मी काढलं, ०.२ चौरस मीटरच्या जवळ येतं, दर चौरस मीटरला २०० अँपिअर धरले की ४० अँपिअर, आणि ड्यूटेरियमसाठी, म्हणजे जड हायड्रोजनसाठी, त्यांचं ठरलेलं उद्दिष्ट ४० अँपिअरच आहे. हिशोब जुळला की जो आनंद होतो तो वेगळाच. ४० अँपिअर गुणिले दहा लाख व्होल्ट म्हणजे ४० मेगावॅट, त्यातले ६० टक्के न्यूट्रल, वाटेतली गळती जाऊन एका बीममधून १६.५ मेगावॅट प्लाझ्मात पोचवायचे, आणि तेही तासभर सलग.

ह्यात एक गंमत आहे जी मला चित्र काढल्याशिवाय कळली नाही. आयन जन्मतात जाळीच्या प्लाझ्माकडच्या तोंडावर, आणि शीथ त्यांना ढकलतो प्लाझ्माच्या आत, म्हणजे भोकापासून उलट्या दिशेला. बाहेर तर भोकातून यायचंय! मग तो आयन आत जाऊन, चुंबकीय क्षेत्रात वळून, कुणाशी तरी धडकून माघारी फिरला पाहिजे आणि भोकात शिरला पाहिजे, आणि हे सगळं होईपर्यंत त्याचा ०.७५ वाला इलेक्ट्रॉन टिकला पाहिजे. भोकाच्या दोनेक सेंटिमीटरच्या आसपास जन्मलेलेच काय ते कामाला येतात. म्हणून जाळीच्या पुढ्यात चुंबकीय फिल्टर ठेवतात, जो गरम इलेक्ट्रॉनना तिथे येऊ देत नाही. आणि प्रेशर फक्त ०.३ पास्कल, नाहीतर पुढे वेग घेतानाच गॅसला धडकून इलेक्ट्रॉन गळून जातील. शिवाय निगेटिव्ह आयन ओढताना इलेक्ट्रॉन पण ओढले जातात कारण चार्ज सारखाच, त्यांना पुढच्या जाळीत चुंबकं बसवून वेगळं पाडावं लागतं, आणि एका आयनामागे एकाहून जास्त इलेक्ट्रॉन चालत नाही कारण ती जाळी जळेल.

आपल्याकडे हे काम गांधीनगरला चालतं, इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमधे. नाशिकहून पेठ रोडनं गुजरातेत उतरलं की पुढे एका दिवसाचा रस्ता. जर्मनीत गार्किंगला बॅटमन नावाचा सोर्स आहे, त्याची आवृत्ती इथे उभी केली, तिचं नाव रॉबिन. इटरच्या प्लाझ्मात तयार होणारं हेलियम मोजायला एक वेगळा बीम लागतो, १ लाख व्होल्ट आणि ६० अँपिअर निगेटिव्ह हायड्रोजनचा, तो भारतानं द्यायचाय. त्याच्याही जाळीला १२८० भोकं. हे वाचून मला फार बरं वाटलं, इतक्या जवळ कुणीतरी रोज अर्ध्या थराच्या सीझियमशी झगडतंय.

झगडाच आहे तो. सीझियम २८.५ अंशाला वितळतं, म्हणजे आपल्या नाशकात एप्रिलमधे ते शेल्फवर ठेवल्या ठेवल्या बाटलीत पातळ होऊन जाईल. पाण्याशी गाठ पडली तर भडका. आणि व्हॅक्यूममधे उरलेली थोडीशी वाफसुद्धा ते खातं आणि खराब होतं. हे मला न वाचताही पटलं असतं, कारण पावसाळ्यात आमचं चेंबर उघडून परत बंद केलं की भिंतींवर बसलेलं पाणी निघता निघत नाही, उन्हाळ्यात तासात होणारा व्हॅक्यूम जुलैमधे अर्धी शिफ्ट खातो. त्यात सीझियम असतं तर काय झालं असतं! इटरवाल्यांना ते तासभर स्थिर ठेवायचंय, सगळ्या जाळीवर सारखं, आणि प्लाझ्मा ते सतत इकडून तिकडे हलवत असतो. रोज सुरुवातीला कंडिशनिंग करावं लागतं. काही दिवसांनी साफसफाई, तीही अशा मशीनची जिच्याजवळ माणूस सहज जाऊ शकणार नाही.

म्हणून सीझियमशिवाय भागेल का हा शोध चालू आहे आणि माझं मन आता तिथे आहे. मार्सेलच्या विद्यापीठातला एक गट, जिल कार्ट्री यांचा, साध्या हायड्रोजनच्या प्लाझ्मात नमुना ठेवतो, त्याला शंभराहून जास्त व्होल्ट निगेटिव्ह देतो, पृष्ठभागावर जन्मलेले निगेटिव्ह आयन शीथ ढकलून देतो आणि समोरच्या मास स्पेक्ट्रोमीटरमधे त्यांची एनर्जी मोजतात. म्हणजे जी गोष्ट माझ्या काचेवर पट्टा पाडत होती तीच तिथे मोजायचं साधन आहे, हे वाचून मी वही बाजूला ठेवून उठलेच. त्यांनी ग्रॅफाइट पाहिलं, हिरा पाहिला. बोरॉन मिसळलेला हिरा ४०० ते ५०० अंशाला तापवला की आयन कितीतरी पट वाढतात. तिथे आयन दोन वाटांनी येतात, एक म्हणजे आदळलेला कणच परत उसळताना इलेक्ट्रॉन घेऊन जातो, दुसरं म्हणजे आधीच पृष्ठभागात बसलेला हायड्रोजन धक्क्यानं उडतो आणि निगेटिव्ह होऊन निघतो.

हिराच का, ह्याचं कारण फार सुंदर आहे. धातूमधे रिकाम्या जागा भरपूर असतात म्हणून तो इलेक्ट्रॉन परत घेऊ शकतो. हिऱ्यात ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्टची मोठी दरी असते जिथे इलेक्ट्रॉनला बसायला जागाच नाही. हायड्रोजन इलेक्ट्रॉन घेऊन निघाला की परत द्यायला दारच बंद. तापवल्यामुळे आदळआपटीत मोडलेला स्फटिक सावरतो, पण फार तापवला तर पृष्ठभागावरचा हायड्रोजनच उडून जातो, म्हणून मधलं तापमान. आणि शुद्ध हिरा करंट नेत नाही, त्याला सरळ व्होल्टेज देता येत नाही, तिथे व्होल्टेज पल्समधे द्यायची युक्ती केली आहे.

अजून एक पदार्थ आहे, इलेक्ट्राइड. कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, सिमेंटच्या कुळातलाच, पण त्याच्या आतल्या पिंजऱ्यांमधे ऑक्सिजनच्या जागी नुसते इलेक्ट्रॉन बसवलेले. जपानमधे होसोनो यांच्या गटानं २००३ मधे तो साध्या तापमानाला टिकवून दाखवला. वर्क फंक्शन २.४ च्या आसपास, सीझियमइतकं कमी नाही, पण तो उडून जात नाही, वितळत नाही, हवेत ठेवता येतो. त्यावरही निगेटिव्ह आयनांचे प्रयोग झालेत. माझं स्वतःचं मत विचाराल तर मोठ्या सोर्समधून सीझियम इतक्यात जाणार नाही, आकडे अजून तेच चांगले देतं. पण प्लाझ्मा वाढवा, पॉवर वाढवा असं करत बसण्यापेक्षा पृष्ठभाग बदलून बघणारी ही माणसं मला जास्त जवळची वाटतात.

आता आमच्या पट्ट्याचं. इथे आम्हाला उलटं पाहिजे होतं, आयन कमी किंवा निदान हळू. सरांना सगळं सांगितलं, त्यांनी मागची चुंबकं जास्त ताकदीची लावायला परवानगी दिली, त्यामुळे तेवढीच पॉवर कमी व्होल्टेजवर मिळायला लागली, चारशेवीसवरून दोनशे ऐंशीवर आलो. आयनाला मिळणारा धक्काच कमी झाला. मग फिक्स्चरवाल्या काकांनी काच ठेवायची पट्टी थोडी बाजूला सरकवून दिली, रेसट्रॅकच्या अगदी समोरून काच हलली. प्रेशर किंचित वाढवलं. पट्ट्यातला रेझिस्टन्स तिपटीवरून सव्वापटीवर आला आणि तेवढा कस्टमरला चालतो.

गेले दोन महिने तर पट्टा अजूनच फिका झालाय आणि त्याचं श्रेय आमचं नाही. टार्गेटची खाच खोल गेली आहे. खोल गेली म्हणजे पृष्ठभाग चुंबकांच्या जवळ सरकला आणि व्होल्टेज आपोआप अजून उतरलं. शिवाय आयन निघतो तो पृष्ठभागाला लंब, खाचेच्या बाजू आता तिरक्या झाल्यात, त्यामुळे तिथून सुटणारे आयन सगळे एकाच रेषेत न येता इकडे तिकडे पसरतात. काल बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे प्लेट झिजली की छपाई सुधारली, हे नवीनच ऐकतोय."

सोमवारी ते टार्गेट उतरवून नवीन, सपाट टार्गेट चढवायचंय. सरांना सांगून ठेवलंय की पहिल्या काचेवर प्रोब मीच लावणार, आणि काच आत्तापासूनच अजून एक सेंटिमीटर बाजूला सरकवून ठेवा.